तेरा सेकंदांचं काम

बिटकॉइनबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक भावाबद्दल असतं. किती वर गेला, किती पडला, कोणी वेळेत विकला, कोण अडकला. त्यामागे जे काम चालतं त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं, नुकसान होतं ते तिथेच. ते काम मी माझ्या हातांनी केलं आहे, म्हणून लिहितो आहे. जागा अंधेरी पूर्व, मरोळच्या बाजूची एक इंडस्ट्रियल इस्टेट, आमचा दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. साहित्य म्हणजे यूएसबीच्या दहा छोट्या स्टिक आणि रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक.

माझा धंदा कार्ड रिपेअरचा. पॅकिंग मशीन, मोल्डिंग मशीन, मोटारीचे ड्राइव्ह यांची इलेक्ट्रॉनिक कार्डं आमच्याकडे येतात. अंधेरी एमआयडीसीत असे गाळे पूर्वी गल्लोगल्ली होते. १९७३ साली सीप्झ हे इथलं निर्यात क्षेत्र सुरू झालं ते मुळात इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. आज तिथे हिऱ्या-दागिन्यांचा व्यवसाय मोठा दिसतो, पण सोल्डरिंग आणि टेस्टिंग शिकलेल्या कारागिरांची एक पिढी त्या परिसराने घडवली. आमचे उस्ताद तिथेच काम शिकले आणि त्यांच्या हाताखाली मी. कार्ड हातात आलं की पहिल्यांदा व्होल्टेज मोजायचं, मग बोलायचं, ही शिस्त त्यांचीच.

२०१३च्या डिसेंबरात आमचं एक जुनं गिऱ्हाईक एक खोका घेऊन आलं. भाऊ न्यू जर्सीला, त्याने पाठवलेला. आत बोटभर लांबीच्या दहा स्टिक, दहा पोर्टांचा एक यूएसबी हब आणि हबचा अॅडॉप्टर. ‘घरी लॅपटॉपला लावल्या तर तासाभरात बंद पडतात, आणि लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवायला बायको देत नाही,’ ते म्हणाले. ‘तुमच्याकडे ठेवा, चालू करून द्या. लाइटचं बिल आणि देखभालीचं काय ते महिन्याला सांगा.’

स्टिकचं नाव ब्लॉक इरप्टर, बनवणारी कंपनी एसिकमायनर. एका कामासाठी घडवलेली चिप, जिला एसिक म्हणतात, ती सर्वसामान्य माणसाच्या हातात आली ती साधारण या स्टिकपासून. बिटकॉइनचं मायनिंग आधी साध्या संगणकावर व्हायचं, मग गेम खेळणाऱ्यांच्या ग्राफिक्स कार्डावर, मग एफपीजीए नावाच्या चिपांवर, आणि २०१३ पासून एसिकवर. या स्टिकमधली चिप १३० नॅनोमीटर तंत्राची होती, म्हणजे त्या काळाच्याही मानाने जुन्या धाटणीची. तरीही अडीच वॅटमध्ये ती सेकंदाला सुमारे ३३ कोटी वेळा हॅश काढायची. जे ग्राफिक्स कार्ड तेवढं काम करायचं, ते शंभर-दोनशे वॅट खायचं.

मी एक स्टिक भिंगाखाली धरून पाहिली. मधोमध मुख्य चिप, तिच्या पाठीला अॅल्युमिनियमची हीटसिंक. बाजूला सीपी२१०२, जी यूएसबीचं सिरियल करते. हीच चिप आम्ही मशीनच्या कंट्रोलरला संगणक जोडताना रोज वापरतो. एक क्रिस्टल, व्होल्टेज उतरवणारा भाग, एक हिरवा एलईडी. बस्स. इतकं मोजकं, नेमकं कार्ड पाहून मला मनापासून आनंद झाला. हे आमच्या ओळखीचं जग होतं.

आता हे मायनिंगचं काम काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, वहीत नोंदवायचा तर त्याच्या ८० बाइटांच्या मथळ्यावर एसएचए-२५६ नावाचं गणित दोनदा चालवावं लागतं (यालाच हॅश काढणं म्हणतात), आणि येणारा आकडा एका ठरलेल्या मर्यादेच्या खाली यावा लागतो. तो कधी येईल हे आधी कळायचा काही मार्ग नाही. म्हणून मथळ्यातला ३२ बिटांचा एक आकडा, नॉन्स, बदलत बदलत प्रत्येक शक्यता तपासायची. ३२ बिटांत शक्यता बसतात ४२९ कोटींहून थोड्या जास्त. सेकंदाला ३३ कोटी या वेगाने आमची स्टिक त्या सगळ्या तेरा सेकंदांत संपवायची. मग नवं काम, नवे तेरा सेकंद.

या तेरा सेकंदांत रास्पबेरी पाय काय करतो? जवळजवळ काहीच नाही. तो स्टिकला ६४ बाइट पाठवतो. १,१५,२०० बॉडच्या वेगाला हे काम सहा मिलिसेकंदांच्या आत होतं. स्टिकला काही सापडलं तर ती ४ बाइट परत पाठवते, तो नॉन्स. पाय स्वतः एकदा ते गणित करून उत्तर बरोबर आहे की नाही पाहतो आणि इंटरनेटवरून पुढे धाडतो. एवढ्या कामाला लॅपटॉप कशाला? ७०० मेगाहर्ट्‌झचा, ३५ डॉलर किमतीचा, तीन-साडेतीन वॅटवर चालणारा बोर्ड पुरून उरतो. एका फॅक्टरीत नगांची मोजणी करायला आम्ही एक पाय आधीच वापरला होता, दुसरा शेल्फवर होता. तो काढला.

पहिली अडचण विजेची, आणि लॅपटॉपवर स्टिक का बंद पडत होत्या याचं उत्तरही त्यातच होतं. एक स्टिक अर्धा अॅम्पिअर घेते. दहा म्हणजे पाच अॅम्पिअर. हबच्या अॅडॉप्टरवर लिहिलं होतं चार, आणि तेही अॅडॉप्टर मनापासून देत नव्हता. सहा स्टिक लावेपर्यंत सगळं ठीक, सातवी लावली की आधीची एखादी गायब. मल्टिमीटर हबच्या शेवटच्या पोर्टावर धरला. लोड नसताना ५.१ व्होल्ट, आठ स्टिक लावल्यावर ४.५. चिप बिघडलेली नव्हती, प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. पोट भरत नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवरून ५ व्होल्ट १० अॅम्पिअरचा एसएमपीएस आणला, पत्र्याच्या पेटीतला, सीसीटीव्हीवाले वापरतात तसा. हब उघडला. आत वीज वाहून नेणारी पट्टी केसासारखी. पहिल्या पोर्टापासून दहाव्यापर्यंत तिच्यावरच भार. त्या पट्टीला समांतर जाड तांब्याची तार सोल्डर केली आणि एसएमपीएसची जोडणी मधोमध दिली, टोकाला नाही. पुन्हा मोजलं: दहाही स्टिक चालू, शेवटच्या पोर्टावर ४.९५. त्यानंतर व्होल्टेजमुळे एकही स्टिक पडली नाही.

दुसरी अडचण बारीक होती. पायचा पुरवठा काढला तरी तो बंद होत नव्हता. हबकडून पायकडे जाणाऱ्या यूएसबी वायरमधून ५ व्होल्ट उलटे येत होते आणि बोर्ड अर्धवट जिवंत राहत होता. अशा अर्धजिवंत अवस्थेत एसडी कार्ड खराब होतं. वायर मधेच सोलली, लाल तार तेवढी कापली, टोकं वेगवेगळी टेप केली. डेटाच्या दोन आणि ग्राउंडची एक तशाच ठेवल्या. हबला स्वतःची वीज असली तर लाल तारेची गरज बहुधा नसते. हे काम करताना आमच्याकडचा आयटीआय झालेला मुलगा शेजारी उभा होता. ‘सर, तार कापून कसं काय चालणार?’ त्याने विचारलं. मी त्यालाच मीटर दिला आणि दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजायला सांगितलं. आज तो वसईला स्वतःचं रिपेअरचं दुकान चालवतो.

प्रोग्रॅम होता सीजीमायनर. तो लिहिणारे कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. पेशंटला भूल देण्याचा व्यवसाय सांभाळून त्यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठीही प्रोग्रॅम लिहिले. त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, कारण त्या प्रोग्रॅमचा पडदा माहितीने गच्च असूनही एका नजरेत कळायचा. प्रत्येक स्टिकची एक ओळ. किती उत्तरं स्वीकारली, किती नाकारली, आणि एचडब्ल्यू, म्हणजे यंत्राने दिलेली चुकीची उत्तरं. आमचं दुखणं ओळखायला तो शेवटचा रकाना पुरायचा. एखाद्या स्टिकचा एचडब्ल्यू वाढायला लागला की दोनच गोष्टी: एक तर ती तापली आहे, नाहीतर तिच्या पोर्टाचा संपर्क मळला आहे. गाळ्यात लांबून पाहतानाही एलईडी बोलायचा. हिरवा दिवा सतत पेटलेला दिसला की ती स्टिक रिकामी बसली आहे. काम चालू असताना तो विझलेला असायचा आणि उत्तर सापडलं की क्षणभर लुकलुकायचा.

अंधेरीत उष्णतेपेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. जून लागला की सगळ्या संपर्कांवर पांढुरका थर धरायला लागतो. मशीनच्या कार्डांचं जे करतो तेच केलं: आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. हवेसाठी संगणकातला जुना १२० मिलिमीटरचा पंखा स्टिकच्या रांगेसमोर उभा केला. पंखा बंद असताना हीटसिंकला बोट टेकवणं शक्य नव्हतं, चालू असताना बोट ठेवून निवांत बोलता यायचं. वीज गेली-आली की पाय आपोआप उठून काम सुरू करेल अशी सोय केली, लॉग एसडी कार्डावर न लिहिता मेमरीत ठेवले, आणि बोर्डातलाच वॉचडॉग चालू केला, म्हणजे पाय गोठला तर स्वतःच पुन्हा सुरू होईल. इंटरनेट आम्हाला नगण्य लागायचं. फक्त लाइन तुटता कामा नये.

एकट्या स्टिकने ब्लॉक शोधायचा म्हटलं तर आयुष्य जाईल, म्हणून पूल. दहा ऑफिसवाले मिळून राज्य लॉटरीचं तिकीट घेतात आणि लागलं तर वर्गणीप्रमाणे वाटून घेतात, तसा. फरक एवढाच की इथे वर्गणी पैशांची नसते, केलेल्या कामाची असते, आणि ते काम खरंच केलं हे सिद्ध करावं लागतं. म्हणून प्रत्येक जण सोप्या मर्यादेची उत्तरं पुलाला पाठवत राहतो. पहिला पूल २०१० साली प्रागमध्ये सुरू झाला. त्याच्या कर्त्याचं टोपणनाव स्लश, म्हणून स्लश पूल. आमच्या दहा स्टिकची मिळून सर्वांत सोप्या मर्यादेची उत्तरं मिनिटाला साधारण ४६ यायची. गणितानेही तेवढीच येतात. मी कागदावर काढलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला, तेव्हा या गोष्टीवर माझा विश्वास बसला. हे जादूचं काही नाही, हे मोजता येणारं काम आहे.

मग मी वही घातली. रोजच्या मशीन रजिस्टरसारखीच: स्वीकारलेली उत्तरं, चुकीची उत्तरं, प्लगला लावलेल्या मीटरवरचे वॅट, आणि शेवटच्या रकान्यात डिफिकल्टी.

या शेवटच्या रकान्यावर जरा थांबतो. जगातली यंत्रं वाढली तर ब्लॉक लवकर लवकर सापडतील. तसं होऊ नये म्हणून दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे अंदाजे दोन आठवड्यांनी, काम किती कठीण ठेवायचं हे नियमाप्रमाणे आपोआप बदलतं. ब्लॉक दहा मिनिटांना एक, हेच प्रमाण राहतं. ही कठीणता म्हणजे डिफिकल्टी. जून २०१३ मध्ये ती दीड कोटीच्या वर होती. तेव्हा एका स्टिकला एकटीने ब्लॉक सापडायला सरासरी साडेसहा वर्षं लागली असती, आणि ब्लॉक शोधणाऱ्याला मिळणारं बक्षीस होतं २५ बिटकॉइन. आमच्याकडे खोका आला त्या डिसेंबरात डिफिकल्टी ९० कोटींवर गेली होती. सहा महिन्यांत जवळजवळ साठ पट! आमच्या स्टिकचा वेग तोच, वीज तीच, कष्ट तेच, आणि मिळकत साठाव्या हिश्श्यावर.

या स्टिक बाजारात पहिल्यांदा आल्या तेव्हा एकेकीला सुमारे दोन बिटकॉइन मोजावे लागत. पुढे त्या एकाला मिळू लागल्या. एका बिटकॉइनला घेतलेली स्टिक मरेपर्यंत चालवली तरी तो एक बिटकॉइन परत देणं तिला शक्य नव्हतं. डिफिकल्टीचा तक्ता समोर ठेवून बेरीज केली की हे तासाभरात कळतं. ज्याने तोच बिटकॉइन नुसता बाळगला, तो पुढे कितीतरी जास्त कमावून गेला. पण आमच्या गिऱ्हाइकाला स्टिक फुकट आल्या होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये दहा स्टिकचे मिळून दिवसाला साधारण ०.००१८ बिटकॉइन जमायचे. वीज, पाय आणि पंख्यासकट ३२ वॅट, महिन्याला २३ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर १८४ रुपये. त्या महिन्यांत यातून विजेचं बिल सुटून वर चांगली रक्कम उरत होती.

त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांबद्दल लोकांना सावध करणारं पत्रक काढलं. गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘अहो, बंद करायचं का?’ पत्रक मी शांतपणे वाचलं. धोके सांगितले होते, बंदी घातलेली नव्हती. त्यांना सांगितलं, तुमच्या सीएंना विचारा, आणि जे जमतंय त्याची तारीखवार नोंद मी देतो, ती फाइलला लावा. त्यांनी तसं केलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतरच्या वर्षांत नियम अनेकदा बदलले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आला. ज्यांच्याकडे कागद होता ते या सगळ्यातून नीट बाहेर आले.

जून २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मरोळ नाक्याला आमची ये-जा सुसह्य झाली. पुढच्याच महिन्यात डिफिकल्टी १,७०० कोटींच्या वर गेली. दहा स्टिक मिळून दिवसाला ०.०००१ बिटकॉइनही जमेना. विजेचा खर्च उत्पन्नाच्या वर गेला तो दिवस वहीत स्पष्ट दिसतो. मी गिऱ्हाइकाला बोलावलं, वही दाखवली, आणि सांगितलं की आता हे चालवणं म्हणजे वीज विकत घेऊन उष्णता करणं आहे. त्यांनी हिशेब चुकता केला आणि जाताना म्हणाले, ‘स्टिक राहू द्या तुमच्याकडे, पोरांना शिकवायला.’

त्या स्टिकची खरी किंमत मला तेव्हापासून कळत गेली. गाळ्यात नवा मुलगा आला की मी त्याला हाच संच उघडून द्यायचो. व्होल्टेज कुठे पडतं, उलटा पुरवठा कसा येतो, सिरियलवर ६४ बाइट जाऊन ४ बाइट कसे परत येतात, चुकीचं उत्तर यंत्राचं की तारेचं हे कसं ओळखायचं. जे शिकायला एरवी गिऱ्हाइकाचं महागडं मशीन लागतं, ते या बोटभर स्टिकवर शिकता यायचं. लिनक्सची भीती मोडायलाही याच्याइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

आणि मग २०१७ उजाडलं. बिटकॉइनचा भाव रोज वर्तमानपत्रात. शेजारच्या गाळ्यातले एक गृहस्थ, पत्र्याचं काम करणारे, वयाने मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते मोबाइल घेऊन आले. त्यांना नात्यातल्या कोणीतरी एका योजनेत घातलं होतं. त्यांच्या पैशांतून बिटकॉइन घ्यायचे, ते बिटकॉइन म्हणे कुठल्याशा परदेशातल्या मायनिंगला लागणार, आणि दर महिन्याला ठराविक टक्के, तेही बिटकॉइनमध्ये, परत मिळणार. ‘तू हे मशीन चालवलंस ना? सांग मला, खरं आहे का?’

मी वही काढली. अण्णांना इंग्रजी आकडे वाचायला अडचण नव्हती. पहिल्या पानावरची डिफिकल्टी दाखवली, शेवटच्या पानावरची दाखवली. म्हटलं, अण्णा, यंत्र तेच, वीज तीच, पण मिळकत प्रत्येक पंधरवड्याला उतरते आहे. हे माझ्या स्टिकचंच नाही, जगातल्या प्रत्येक मायनिंग मशीनचं असंच आहे, मग ते बर्फाळ देशात असो की चीनमध्ये. २०१६च्या सुरुवातीपासून २०१७च्या जुलैपर्यंत डिफिकल्टी सुमारे सात पट वाढली, आणि मधे जुलै २०१६ मध्ये ब्लॉकचं बक्षीस २५ वरून साडेबारावर आलं. म्हणजे जे यंत्र पहिल्या महिन्यात १४ कमवत होतं, ते अठराव्या महिन्यात १ कमवतं. अशा यंत्राच्या जोरावर कोणी अठरा महिने सारखीच रक्कम कशी देईल? ज्याला ती देता येते त्याचे पैसे यंत्रातून येत नाहीत. नव्याने येणाऱ्या माणसाकडून येतात.

अण्णा बराच वेळ गप्प होते. त्यांनी पुढचे पैसे घातले नाहीत. आधी घातलेले मात्र गेले, आणि त्यांच्या नात्यातल्या इतरांचेही.

महाराष्ट्रात हे किती खोलवर गेलं होतं ते पुढच्या वर्षी कळलं. गेनबिटकॉइन नावाच्या अशाच एका योजनेच्या प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांत गुन्हे दाखल झाले आणि योजनेचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला अटक झाली. तपास यंत्रणांचा आरोप असा की २०१५ पासून लोकांना क्लाउड मायनिंगच्या, म्हणजे दूरच्या यंत्रांवरच्या मायनिंगच्या, नावाने बिटकॉइन गुंतवायला लावले, अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचं वचन दिलं, आणि पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःचंच एमकॅप नावाचं टोकन हातात ठेवलं, ज्याची किंमत फार कमी होती. भारद्वाज २०२२ मध्ये वारला. देशभरातले गुन्हे पुढे सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. दहा वर्षांनंतरही हे मिटलेलं नाही.

मला वाईट याचं वाटतं की हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नव्हतं. दोन आठवड्यांनी बदलणारा एक आकडा पाहायचा होता, आणि तो कोणालाही फुकट दिसतो. मराठीत तो समजावून सांगणारं कोणी नव्हतं. भावाच्या बातम्या मात्र रोज होत्या.

अजूनही मुलं विचारतात, सर, पायवर मायनिंग करू का? त्यांना मी हिशेब सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिफिकल्टीने १०० लाख कोटींचा आकडा ओलांडला. एप्रिल २०२४ पासून बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. या डिफिकल्टीला आमच्या जुन्या स्टिकला एक ब्लॉक सापडायला सरासरी चार कोटी वर्षं लागतील. वर्षभर अखंड चालली तर तिची मिळकत साडेसात सातोशी; एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात. वीज लागेल वर्षाला २२ युनिट. अलीकडचं एक मोठं मशीन, अँटमायनर एस२१, सेकंदाला २०० टेराहॅश काढतं, म्हणजे एकटं सहा लाख स्टिकचं काम करतं. ते साडेतीन किलोवॅट खातं, महिन्याला अडीच हजार युनिट. अंधेरीच्या घरगुती मीटरवर ५०० युनिटांच्या पुढे सर्वांत वरचा टप्पा लागतो. तिथे असं मशीन लावायचा विचारही करू नये. त्यात कराचं गणित वेगळं. सरकारने २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे की मायनिंगच्या यंत्रसामग्रीवरचा खर्च खरेदी किंमत म्हणून वजा मिळत नाही.

शिकायचं असेल तर जरूर करा. आता बिटॲक्ससारखे उघड्या आराखड्याचे छोटे मायनर मिळतात, त्यांना पायही लागत नाही. सेकंदाला ५०० गिगाहॅश धरले तर वरच्याच डिफिकल्टीला ब्लॉकमागे सरासरी २७ हजार वर्षं येतात. अशा छोट्या यंत्राला क्वचित कुठे ब्लॉक लागल्याची बातमी येते, ती खरीही असते, पण त्यावर घर चालवायचं नसतं. लाल तार कुठे कापायची आणि का, हे त्यातून कळलं तर पैसे वसूल झाले असं मी मानतो.

आणि वाचकांना एक विनंती. मायनिंगच्या नावाने दरमहा ठराविक परतावा देणारी योजना घेऊन कोणी घरी आलं, तो नात्यातला असला तरी, त्याला तीनच गोष्टी विचारा: यंत्रांचा एकूण हॅशरेट, म्हणजे सेकंदाला निघणारे हॅश, किती, ती कोणत्या पुलाला लागली आहेत, आणि डिफिकल्टी दुप्पट झाल्यावर परतावा निम्मा का होत नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे देऊ नका. दिले असतील आणि फसवणूक वाटत असेल तर लाजू नका, वेळ घालवू नका. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे.